वाळवंटात गाडी, गाडीत बिऱ्हाड

बोरी-जिंतूरकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतली, की आपण ट्रॅक्टर बोलावतो. जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या समच्या वाळूत मात्र आधी उंटच दिसतो! झोपायची सोय केलेली साधी व्हॅन थरच्या वाळवंटात न्यायला हरकत नाही. पण तिची दोनच चाकं जोर लावतात, म्हणून कडक जमीन शक्यतो सोडू नका. वाळूत शिरावंच लागलं, तर टायरची हवा 35 वरून 20 पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, वजन विभागलं जातं. डांबरावर परतताच हवा भरा, नाहीतर टायर तापून फुटायचा. चाक जागीच फिरू लागलं, तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, गाडी पोटावर टेकते. उतरा, चाकापुढची वाळू उपसा, खाली गोणपाट सारा.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. रात्री थंडी झोंबते, घोंगडी हवीच. पण गाडीत शेगडी पेटवून, काचा लावून अजिबात झोपू नका. शेगडीतून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूनं माणूस झोपेतच जातो. पाणी माणशी रोज 5 लिटर तरी धरा. सीमेलगतच्या पट्ट्यात परवानगी लागते, ती चौकशी जैसलमेरलाच उरका.