विहिरीतील पाणी कोणाचे?



पावसाचे काही पाणी जमिनीत आपोआप मुरते. परंतु मुरते त्याहून अधिक आपण उपसू लागलो, तर केवळ निसर्गावर विसंबून भागत नाही. पाणी प्रयत्नपूर्वक भूगर्भात उतरवावे लागते. यालाच भूजलाचे कृत्रिम पुनर्भरण म्हणतात. या बाबतीत सौराष्ट्राचा अनुभव उद्बोधक आहे.

सौराष्ट्राचा बराचसा प्रदेश, महाराष्ट्राच्या पठाराप्रमाणेच, लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. अशा खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. ही कोठी मुळातच लहान. ती लवकर भरते आणि लवकर रितीही होते. १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे तेथे दुष्काळ पडला आणि विहिरी आटल्या. पुढे शेतकरी शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी विहिरींत वळवू लागले. पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराने आणि इतर संस्थांनी हे काम गावोगावी पोहोचविले.

याची कृती साधी आहे. विहिरीजवळ खड्डा खणून त्यात तळाशी मोठे दगड, त्यांवर खडी आणि सर्वांत वर वाळू भरावयाची व तळाजवळून एक नळ विहिरीत सोडावयाचा. गढूळ पाणी तसेच विहिरीत सोडले, तर गाळ भेगांत बसून पाण्याची वाटच बुजते. मात्र वाळूने गाळ अडतो. पाण्यात विरघळलेली कीटकनाशके अडत नाहीत. म्हणून कोणते पाणी आत घ्यावयाचे, याचाही विवेक हवा.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. एकाने आपल्या विहिरीत सोडलेले पाणी भेगाभेगांतून शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाते. पाण्याला बांध ठाऊक नसतो. कायद्याला मात्र तो ठाऊक आहे: १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार आपल्या जमिनीखालील पाणी उपसण्याचा अधिकार जमीनमालकाला आहे. अशा स्थितीत भरणारा एक आणि उपसणारा दुसरा, असे सहज घडते. एकट्याचे श्रम वाया गेल्यासारखे वाटतात; सारा गाव भरू लागला, की प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाच्या उपयोगी पडते.

तेवढ्यानेही भागत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय मूल्यांकनानुसार देशात वर्षाला सुमारे २४१ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते. उपसण्याजोग्या साठ्याच्या हे सुमारे ५९ टक्के होते. ही सरासरी दिलासा देणारी वाटली, तरी पंजाब, राजस्थान व हरियाणा या राज्यांत उपसा वार्षिक मर्यादेच्या पलीकडे गेला आहे. विहीर भरली म्हणून अधिक पाणी पिणारे पीक घेतले, तर पुनर्भरणाचा लाभ एकाच हंगामात संपतो.

तेव्हा पावसाळ्यापूर्वी गावाने एकत्र बसून खड्डे कोठे खणावयाचे हे जसे ठरवावे, तसेच पावसाळा संपताच विहिरींची पातळी मोजून, रब्बीत कोणती पिके घ्यावयाची हेही ठरवावे. यांतील दुसरा निर्णय अधिक कठीण आहे; पण पहिल्याचे सार्थक त्याच्यावरच अवलंबून आहे.