डाग आणि डिपॉझिट
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



टाकी, लिफ्ट आणि रंगकाम यांबद्दल आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे. मी एका लहान विषयावर बोलतो. मी सहा वर्षं सचिव होतो. रात्री साडेनऊनंतर बेल वाजली की कारणं दोनच असायची : पार्किंग, नाहीतर डिपॉझिट. पार्किंगवर बोलायला लागलो तर जेवणं थंड होतील, म्हणून डिपॉझिट.

ही भांडणं भिंतींवरून कमी आणि स्वयंपाकघरावरून जास्त होतात. एक जोडपं आपल्याकडे तीन वर्षं राहिलं. दोघंही नोकरीवाले, मूल लहान. डिपॉझिट साठ हजार. घर सोडताना मालकीणबाईंनी त्यातले साडेचौदा हजार कापले. नव्या चिमणीचे नऊ, शेगडीच्या काचेचे तीन आणि फ्रिजच्या दाराच्या रबराचे अडीच. खाली टेम्पो भरून उभा, आणि नव्या घराचं डिपॉझिट याच पैशातून भरायचं होतं. मालकीणबाईंचंही ऐकायला हवं. यजमान गेल्यावर ते भाडं म्हणजेच त्यांची पेन्शन. चिमणी यजमानांनी हौसेने बसवलेली. ती तेलाने पिवळी, चिकट झालेली बघून त्यांना रडू आलं. हे कळायला मला दोन कप चहा लागला.

मग आम्ही चिमणीची जाळी काढली. स्टीलची होती. कढत पाणी, खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण यांत अर्धा तास बुडवली, घासली, लख्ख निघाली. मोटर ठणठणीत होती. बटणांवरचा पिवळेपणा तेवढा राहिला. फ्रिजच्या रबरावरची काळी बुरशी व्हिनेगरने बरीचशी गेली. शेगडीवरचं उतू गेलेलं दूध निघालं, पण तारेच्या घासणीचे दोन ओरखडे काही जाईनात. ते भाडेकरूंनी मान्य केले. ओरखड्यांचे दीड हजार आणि चिमणीच्या सर्व्हिसिंगचे नऊशे, एवढेच कापायचे ठरले. बाकीचे त्याच संध्याकाळी परत.

समजा, चिमणी खरोखर कामातून गेली असती, तरी नव्या चिमणीचे पैसे मागणं मला पटलं नसतं. ती सात वर्षांची होती. गेलं तर सात वर्षं वापरलेल्या चिमणीचं मोल गेलं, नव्या चिमणीचं नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या १०८व्या कलमात भाडेपट्ट्याने घेतलेली जागा जशी मिळाली तशी परत करायची, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली. आपले करार लिव्ह अँड लायसन्सचे असले तरी त्यांतही बहुधा तशीच ओळ असते. सही करताना ती कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा. फोडणी देणाऱ्या घरात चिमणी तेलकट होणार, ओट्यावर हळद सांडणार. (हळदीचा डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नका, उन्हाने फिका पडतो.) उन्हाळ्यात आपण टँकरचं पाणी घेतो. प्युरिफायरच्या नळाला चढणारा पांढरा थर त्या पाण्यातल्या क्षारांचा. त्याचे पैसे भाडेकरूकडून कसे मागणार?

पण प्रत्येक डाग म्हणजे झीज, असंही नाही. एकाने ॲल्युमिनियमची जाळी कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवली. सकाळी ती काळी पडली, आणि ॲल्युमिनियमवरचा तो काळेपणा धुऊन जात नाही. इथे मी मालकाच्या बाजूने बोललो. तेल साचणं वेगळं आणि वस्तू खराब करणं वेगळं.

सोसायटीला यात निवाडा द्यायचा अधिकार नाही. समिती फार तर दोघांना समोरासमोर बसवू शकते. पण भाड्याच्या घरांकडून आपण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेतो. त्या बदल्यात एवढं तरी करूच.

मालकांना एक सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. 'ओळखीतलेच आहेत' म्हणून साध्या कागदावर लिहून घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खरं काम मात्र किल्ली देण्याच्या दिवशीच करायचं असतं. चिमणी, शेगडी, फ्रिज, प्युरिफायर, गीझर सगळं चालू करून बघायचं. प्रत्येक वस्तू किती वर्षांची ते लिहायचं. आहेत ते डाग, ओरखडे यांचे जवळून फोटो काढायचे आणि त्याच दिवशी एकमेकांना पाठवायचे. सर्व्हिसिंग कोणी, किती महिन्यांनी करायचं, तेही लिहायचं. घर सोडायच्या पंधरा दिवस आधी दोघांनी एकदा एकत्र फिरून बघायचं, म्हणजे साफसफाईला वेळ मिळतो आणि टेम्पो खाली उभा असताना हिशेब होत नाही.

यासाठी समितीने एक पानी तक्ता केला आहे. ऑफिसात खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवलाय, फुकट आहे. दोन प्रती भरा, दोघांच्या सह्या करा आणि एकेक ठेवा. बी विंगमधले दोन फ्लॅट या महिनाअखेरीस बदलताहेत. त्या चौघांना मी इथे समोर बसलेलं बघतोय, त्यांनी जेवण झाल्यावर मला भेटावं. तक्ते खिशातच आहेत.