नाव तिला गाव देतं

(प्रभागसंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत बचत, बँक जोडणी, कर्जफेड हे सगळं आहेच. त्याच्या अगोदर पंधरा मिनिटं मला एका वेगळ्या विषयावर बोलायचंय. हा विषय आपण बैठकीत काढत नाही. बैठक संपते, सतरंजी झटकायला उठतो, मग हळू आवाजात काढतो. "तिच्यापासून जपून राहा." "तिची नजर चांगली नाही." "तिच्या हातचं खाऊ नको." बरोबर ना?

चेटकीण, डाकीण, भुताळी, करणीवाली. आपल्या नांदेड-लातूरकडं त्यात अजून एक शब्द आहे, भानामती. लहानपणापासून आपण ऐकलंय. घरातले कपडे आपोआप पेटतात, पत्र्यावर दगड पडतात, पिठात घाण सापडते, अंगावर फुल्या उमटतात, चांगली बोलती-चालती बाई कुत्र्यासारखं भुंकायला लागते. मग सगळे एकच प्रश्न विचारतात, "कुणी केलं?" आणि बोट जातं एखाद्या बाईकडं.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन बसले, शांतपणे चौकशी केली. त्यांचा अनुभव असा, की कपडे पेटवणारा हात बहुतेक वेळा त्याच घरातला असतो. फार कोंडमारा झालेलं, कुणाला काही सांगता न येणारं माणूस ते करत असतं. अंगावरच्या फुल्यांचं म्हणाल तर बिब्बा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की काळं पडतं, फोड येतो. त्याला मंत्र लागत नाही. आणि भुंकणारी बाई? ती नाटक करते असं मी म्हणणार नाही. तिला खरंच त्रास होत असतो. जे तोंडानं सांगता येत नाही ते शरीर सांगतं. त्या बाईला उपचाराची गरज असते, आणि त्याच्याही आधी तिचं कुणीतरी ऐकून घेण्याची.

आता अंगात येण्याबद्दल. माहूरची रेणुकामाता, तुळजापूरची भवानी आपल्या सगळ्यांच्या श्रद्धेच्या जागा आहेत. मीही हात जोडते. पण नवरात्रात आरतीच्या वेळी बघा. वर्षभर जिचा आवाज घराबाहेर येत नाही अशी सून घुमायला लागते. सासू तिच्या पाया पडते, नवरा हात जोडून "माय, काय चुकलं?" म्हणून विचारतो. तासाभरानं ती शांत होते, तोंड धुते आणि भाकरी थापायला बसते. नवरा परत "ए" म्हणून हाक मारतो. त्या एका तासात तिचं ऐकतात, कारण ती "ती" नसते. मला विचारायचंय, स्वतःच्या घरात स्वतःचं म्हणणं ऐकवायला बाईला देवी का व्हावं लागतं?

अजून एक बघा. तेच घुमणं देवळात झालं तर देवी. तेच आजारपणात घरी झालं तर भूत, नाहीतर शेजारणीची करणी. अंग तेच, थरथर तीच. नाव मात्र बाहेरचा माणूस ठरवतो. एकीला हळदीकुंकू मिळतं, दुसरीला चाबूक. आणि तीच अंगातली बाई "अमकीनं केलंय" म्हणाली, की तिसरीचं आयुष्य उठतं.

बाप्यांचं काय? लिंबू उतरणारा, अंगारा देणारा, "माझ्या अंगात शक्ती आहे" म्हणणारा बाप्या असला तर तो देवऋषी, भगत, महाराज. त्याला नारळ मिळतो, कोंबडं मिळतं, पैसे मिळतात. अशीच शक्ती आहे असा नुसता संशय बाईवर आला, तर तिला मार मिळतो. शक्ती एकच म्हणता ना, मग न्याय दोन कसे?

आणि ती बाई कोण असते? जरा आठवून बघा. विधवा असते. मूलबाळ नसलेली असते. एकटी राहणारी म्हातारी असते. तोंडानं फटकळ असते. झाडपाल्याचं औषध जाणणारी असते. नाहीतर सातबाऱ्यावर नाव असलेली असते. भरलं घर, चार भाऊ पाठीशी, अशा बाईवर हे नाव सहसा येत नाही.

आपल्या कामात आलेली एक गोष्ट सांगते, गाव-नाव सांगणार नाही. एक विधवा ताई, नावावर दोन एकर. "बाईमाणसाला जमीन काय करायची?" असं दिराचं आधीपासून चाललेलं. शेजारच्यांची म्हैस दूध देईना झाली. देवऋषी म्हणाला, "घराच्या उगवतीला बाई आहे, तिचं काम." उगवतीला यांचंच घर. आठ दिवसांत गल्ली बोलायची बंद झाली. गटातल्या बायका तिच्या हातचा चहा घेईनात. ती बैठकीला यायची थांबली, बचतीचे पैसे लेकराच्या हाती पाठवायला लागली. तेव्हा गटाच्या अध्यक्ष ताई दोघींना घेऊन भरदिवसा तिच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सगळ्या गल्लीदेखत चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हशीला कासदाह झाला होता, आपण दगडी म्हणतो तो. औषधपाणी झालं, म्हैस सुधारली. कुणी भाषण केलं नाही, भांडण केलं नाही. तीन कप चहा आणि एक डॉक्टर.

सगळीकडं असं वेळेवर होत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावात, भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायांसकट माणसांना चौकात बांधून मारलं. मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका माणसाला जाळून मारलं. आपल्याच महाराष्ट्रातली ही गावं आहेत.

युरोपातही हे झालं. पंधराव्या ते अठराव्या शतकापर्यंत तिथं चेटकीण ठरवून चाळीस-पन्नास हजार माणसं मारली, त्यात बहुतेक बाया. सिल्विया फेडेरिची नावाच्या अभ्यासक बाईंनी 2004 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की गावाच्या सामाईक जमिनी बळकावणं, बाईच्या शरीरावर आणि बाळंतपणावर ताबा मिळवणं आणि चेटकिणी मारणं हे एकमेकांत गुंतलेलं होतं. आपल्या सातबाऱ्याची गोष्ट आठवली ना?

आता त्याच देशांमध्ये काही बाया स्वतःला अभिमानानं चेटकीण म्हणवतात. इंग्लंडमध्ये 1951 साली चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला, त्यानंतर विक्का नावाचा नवा पंथ पुढं आला. ऋतू, चंद्र, झाडपाला यांना त्या मानतात. बाईचं शरीर, तिची पाळी पवित्र आहे असं त्यांच्यातल्या पुष्कळ जणी म्हणतात. ज्या नावानं आजीला जाळलं तेच नाव आम्ही मानानं घेऊ, असा त्यांचा विचार.

मग आपणही म्हणावं का, "हो, आहे मी चेटकीण"? माझं स्पष्ट मत आहे, आज नाही. तिथली बाई ते नाव स्वतः निवडते आणि रात्री निवांत झोपते. आपल्याकडं ते नाव दुसरे लादतात, आणि रात्री दारावर दगड येतो. जिथं कबुली म्हणजे मरण, तिथं नाव मिरवता येत नाही. पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. बाईचं शरीर विटाळाचं नाही आणि धोक्याचंही नाही. पाळी आलेली, मूल न झालेली, कुंकू पुसलेली, पाठीत वाकलेली, कुठलीच बाई अपशकुनी नाही. हे आपण आपल्या सुनांना आणि लेकींना आजपासून सांगू शकतो.

कायद्याचं थोडं सांगते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा केला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळं रोगराई येते, जनावरं आटतात असं सांगून तिला त्रास देणं गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, केस उपटणं, घाण खायला लावणं गुन्हा आहे. माझ्या अंगात शक्ती आहे असं भासवून दुसऱ्याला धमकावणंही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. भजन, कीर्तन, वारी, घरची पूजा, यात्रा यांना हा कायदा हात लावत नाही, हेही घरी नक्की सांगा.

आता आपल्या हातात काय आहे? गटात कुणाबद्दल असं बोलणं निघालं तर तिथंच थांबवायचं आणि विचारायचं, "तू डोळ्यानं बघितलं का?" एखादी बैठकीला यायची थांबली तर दंड लावायच्या आधी तिच्या घरी जायचं, दोघी-तिघी मिळून, दिवसाउजेडी. माणूस आजारी असेल तर आरोग्य केंद्र, जनावर आजारी असेल तर पशुवैद्यकीय दवाखाना. मनाचा त्रास असेल तर 14416 हा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. बायांच्या मदतीसाठी 181. जीवाला धोका वाटला तर वाट बघायची नाही, 112.

शेवटचं बोलते. आपल्या गटात प्रत्येक बाई रजिस्टरवर स्वतःच्या नावानं सही करते. जिला अक्षर येत नव्हतं तीही शिकली. तिला बोलायला अंगात यावं लागत नाही, ती स्वतःच्या तोंडानं बोलते आणि सचिव ताई ते लिहून घेतात. म्हणून माझी विनंती आहे, प्रत्येक ग्रामसंघानं पुढच्या बैठकीत एक ठराव लिहावा: "आमच्या गटातल्या किंवा गावातल्या कुठल्याही बाईला करणीवाली, चेटकीण म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर आम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहू." खाली सगळ्यांच्या सह्या. आणि ज्या बाईचं नाव आत्ता तुमच्या मनात आलं असेल ना, तिला त्या बैठकीला घेऊन या. सही तिचीही घ्या.