उच्चारशिक्षणाचें यंत्र आणि त्याचे धडे



आमच्या छत्रपती संभाजीनगराशीं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेशीं, वली आणि सिराज या उर्दू कवींचीं नांवें कायमचीं जोडलेलीं आहेत. आजही येथील अनेक घरांत उर्दू बोलली जाते. २०२० च्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. तेव्हां त्या घरांतील मुलांना मराठीचे उच्चार शिकविणारें सॉफ्टवेअर तयार करावयाचें झाल्यास त्यांतील धडे कोणत्या क्रमानें योजावे, याचा विचार आज करूं.

प्रथम सुचतो तो वर्णमालेचा क्रम. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ या स्थानांवरून केलेली ती मांडणी शास्त्रशुद्ध आहे खरी. परंतु क, ट, त, प हे वर्ण उर्दूभाषी मुलाच्या जिभेवर आधींच आहेत. ते पुन्हां शिकविण्यांत काळ कां दवडावा? त्याच्या घरच्या भाषेंत जें नाहीं, तेंच प्रथम द्यावें.

असा पहिला वर्ण ‘ळ’. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ अशा जोड्या आधीं नुसत्या ऐकवाव्या आणि कोणता शब्द ऐकला तें मुलास ओळखावयास लावावें. कानाला भेद कळला, म्हणजे मग जिभेचें टोंक मागें वळवून तो वर्ण उच्चारावयास शिकवावें. ‘मन’ आणि ‘मण’ यांचेंही तसेंच.

यानंतर च आणि ज. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दांत पहिला च तालव्य, तर दुसरा दंततालव्य. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील झ निरनिराळे. येथें उर्दूची मदत होते. ‘जमीन’, ‘बाजार’ हे शब्द दोन्ही घरांतले. त्यांतील उर्दू उच्चार मराठी दंततालव्य ज च्या अगदीं जवळचा. म्हणून ज चा धडा तेथूनच सुरू करावा. च साठीं मात्र त आणि स एकदम म्हणवून घ्यावे.

अडचण आहे ती लिपीची. ‘जग’ म्हणजे विश्व, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. अक्षरें तींच, उच्चार वेगळे. केवळ अक्षरांवरून ध्वनि काढणारें यंत्र येथें हमखास फसेल. यास्तव असे शब्द माणसाच्या आवाजांत, पूर्ण वाक्यांतच ध्वनिमुद्रित केले पाहिजेत.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न: यंत्रानें चूक कशास म्हणावें? नमुन्याचे आवाज केवळ पुण्याहून आणले, तर मराठवाड्याचा हेलही अशुद्ध ठरेल, आणि ज्या शेजाऱ्यांकडून मूल मराठी ऐकतें त्यांचीच भाषा खोटी पडेल. उच्चारानें अर्थ बदलत असेल, तर दुरुस्ती करावी. केवळ हेल निराळा असेल, तर करूं नये. ‘पाणी’ ऐवजीं ‘पानी’ हा उच्चार ग्रामीण मराठींतही ऐकूं येतो, आणि त्यानें कोणाचा गैरसमज होत नाहीं. तेथें लेखी रूप दाखवून पुढें जावें. गुण कापूं नयेत.

वर्गांत एकदां हंसें झालेलें मूल पुढें तोंड उघडत नाहीं. यंत्र न हंसतां, न कंटाळतां शंभर वेळां ऐकूं शकतें. त्याचा हा गुण धड्यांच्या योजनेनें वायां घालवूं नये, एवढेंच सांगणें आहे.