माल वक्त्याचा, वजन शास्त्राचे

निरूपणाला आज घेतलं आहे प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, वचन ११. ज्यांच्याजवळ पुस्तक आहे त्यांनी उघडावं. ज्यांच्याजवळ नाही त्यांनी शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावावं, त्यात लाज नाही.

प्रसंग असा. थेस्सलनीकेत दंगा झाला. बंधूंनी पौलाला आणि सीलाला रातोरात बिरुयाला पाठवून दिलं. पौल गेला तो सरळ सभास्थानात. बोलणारा कोण? पौल! गमलिएलाच्या पायाशी शिकलेला, दिमिष्काच्या वाटेवर खुद्द प्रभूने गाठलेला. आणि बिरुयाच्या लोकांनी काय केलं? ऐकलं, अगदी आवडीने ऐकलं. आणि मग रोजच्या रोज शास्त्राच्या गुंडाळ्या उलगडून बसले. हा पाहुणा म्हणतो ते खरंच लिहिलेलं आहे का? आमच्यातल्या एखाद्या वक्त्याला राग आला असता हो! पण लूक त्यांची निंदा करत नाही. थेस्सलनीकेच्या लोकांपेक्षा त्यांना वरचढ ठरवतो.

आठवड्याच्या बाजारात आपण जातो. तराजूच्या एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. वजनावर सरकारी शिक्का. दुकानदार कितीही ओळखीचा असो, वजन शिक्क्याचंच लागतं. बटाटा टपोरा दिसतो म्हणून त्यालाच वजन करून कोणी दुसरे बटाटे मोजत नाही. आता बघा, कीर्तनकार हा माल. पाळकसाहेब, क्षमा असावी, तेही माल. पौलसुद्धा बिरुयात मालाच्याच पारड्यात बसला आणि त्याने तक्रार केली नाही.

हे आज का सांगतो? कारण घरोघर वजन पेटीत आणि माल नुसता अंदाजाने, असं चाललं आहे. कोणी येतो, म्हणतो, मला दर्शन झालं. तुझ्या गोळ्या बंद कर, विश्वास असेल तर बरी होशील. बाई भोळी. गोळ्या बंद करते, आणि महिन्याभरात दवाखान्यात पडते. अहो, पुस्तक उघडून पाहावं ना! पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. कलस्सैकरांच्या पत्रात लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो. वैद्याला सोबत घेऊन फिरणाऱ्या पौलाचं नाव सांगून तुम्ही औषध बंद करता? दुसरा येतो, अमुक तारखेला प्रभू येणार म्हणतो. मत्तय, अध्याय २४, वचन ३६ काढा, आणि त्याच्यासमोर ठेवा. चहा द्या, पण तारीख घेऊ नका.

मात्र एक सावधगिरी. वचन तोंडावर असलं म्हणजे झालं, असंही नाही. मंदिराच्या शिखरावर प्रभूला उडी टाक म्हणणाऱ्या सैतानाने काय काढलं? स्तोत्र ९१! शास्त्र त्यालाही पाठ. प्रभूने उत्तर दिलं तेही शास्त्रातूनच, अनुवादाच्या पुस्तकातून. एक वचन तोडून घेतलं तर त्याचा फास होतो. शेजारचं वचन, मागचापुढचा अध्याय पाहावा लागतो.

(येथे पद झाले.)

कोणी म्हणेल, बुवा, लोकांनी घरीच वाचलं तर तुमचं काम काय? त्याचं उत्तर एका यात्रेकरूने दिलं आहे, आणि आपणही इथे यात्रेकरूच. कूश देशचा अधिकारी, कांदके राणीचा खजिनदार, एवढ्या लांबून यरुशलेमेला उपासनेला आला होता. परत चालला आहे. रथात बसून यशया वाचतो आहे, आणि तोही मोठ्याने! गाझाच्या ओसाड वाटेवर फिलिप्प रथाजवळ धावत गेला. विचारलं, कळतं का हो? तो माणूस मोठ्या पदाचा, पण म्हणाला, कोणी समजावल्याशिवाय कसं कळणार? या, वर बसा. आणि प्रश्न काय विचारला! संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी? शंभर प्रवचनं ऐकून आपल्याला असा एक प्रश्न सुचत नाही. फिलिप्पाने दुसरीकडचं काही आणलं नाही. ज्या ओळीवर त्याचं बोट होतं तिथूनच येशू सांगायला सुरुवात केली.

पुढे बाप्तिस्मा झाला, आणि आत्म्याने फिलिप्पाला उचलून नेलं. सांगणारा गेला. पण पुस्तक रथातच होतं की! तो आनंद करत आपल्या वाटेने गेला.

या खजिनदाराला वाचता तरी येत होतं. ज्यांना पुस्तकाची भाषाच झेपत नाही त्यांनी काय करावं? हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी जिवाला लावून घेतला. पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या घरातली ही लेक. संस्कृत बापाने शिकवलं, आईने घोकून घेतलं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडात वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींनी मायेने सांभाळलं, पण चर्चची मतं आहेत तशी मान, हा आग्रहही धरला. बाईंची पत्रं छापलेली आहेत. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मान काढली ती दुसऱ्याच्या जुवाखाली घालायला नव्हे; शास्त्रात दाखवा, मग मानेन. त्या वेळची त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत. तेव्हा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता, असं पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. पण तिथे पोचल्या त्याही शास्त्र धरूनच.

मग केडगाव. मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या मुली, टाकलेल्या विधवा. यांच्या हाती जे मराठी शास्त्र होतं त्यात जड शब्द फार. तेव्हा ही पंडिता, जिला कलकत्त्याच्या विद्वानांनी सरस्वती म्हटलं, उतारवयाकडे झुकताना इब्री आणि ग्रीक शिकायला बसली, आणि मुळातून सगळं शास्त्र सोप्या मराठीत उतरवू लागली. खिळे जुळवायला कोण? त्याच मुली. छापखान्याचा खिळा उलटा असतो, बरं का. सुलटं अक्षर कालपरवा शिकलेल्या मुली उलट्या अक्षरात देवाचं वचन जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला बाई प्रभूकडे गेल्या. ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ साली. फिलिप्प पुन्हा उचलला गेला, आणि पुस्तक रथात राहिलं.

उद्या आपण परतीच्या वाटेला लागू. एसटीत, रेल्वेत जागा मिळाली की कृत्यांचा आठवा अध्याय काढा, २६ ते ४० वचनं, आणि मोठ्याने वाचा. शेजारी वाचता न येणारी एखादी आजी असली तर तिच्यासाठी सावकाश वाचा. मी आज सांगितलं त्यात आणि तिथे लिहिलं आहे त्यात फरक दिसला तर पुढच्या वर्षी याच मांडवात मला उभं करून विचारा.

चला, टाळ घ्या.