गाडीखालचा कुत्रा आणि मोटारीतला कुत्रा

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो आहोत, ही म्हण मराठी घरांतील पोरासोरांनाही ठाऊक असते. पोकळ अभिमानाची थट्टा करावयाची झाली म्हणजे ती हटकून योजली जाते. कुत्र्याची बाजू मात्र सहसा कोणी मांडीत नाही. वास्तविक तो प्राणी गाडीखाली चालतो तो अभिमानापोटी नव्हे, तर शहाणपणापोटी. वैशाखाच्या उन्हात वर्ध्याकडच्या काळ्या रानातून छकडा चालला असता त्या उघड्या वाटेवर बरोबर चालणारी सावली एकच असते, आणि ती गाडीखाली! तेथे वारा दोन्ही बाजूंनी खेळतो, पाय जमिनीवर असतात, आणि थांबावेसे वाटले तर कोणाची परवानगी लागत नाही.

आज तोच कुत्रा मोटारीत बसतो. आकारानेही तो पुष्कळदा मोठा असतो. लॅब्रेडॉर किंवा अल्सेशियन जातीचे तीस-पस्तीस किलोंचे कुत्रे जिल्ह्याच्या गावीही आता नवलाचे राहिलेले नाहीत. मोटारीत चढताच सावली, वारा आणि पायाखालची जमीन या तिन्ही गोष्टी त्याच्या हातून जातात आणि मालकाच्या हाती येतात. त्या ज्याच्या त्याला परत मिळवून देणे, हेच कुत्र्याच्या सुखकर प्रवासाचे सारे शास्त्र होय.

प्रथम वाऱ्याचा विचार करू. मनुष्याला सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नाममात्र. त्याची खरी मदार जिभेवर आणि धापांवर असते. तोंडातील व श्वासमार्गातील ओल उडून जाते आणि तिच्याबरोबर उष्णता जाते. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या घरात गेले की जिवाला धोका उत्पन्न होतो. हे अंतर फार मोठे नव्हे.

आता विदर्भातील प्रत्येक गृहिणीला एक गोष्ट पक्की माहीत आहे. खोलीच्या खिडक्या बंद करून कूलर लावला, तर थंडावा येत नाही. हवा दमट होते आणि जीव गुदमरतो. कुत्र्याची जीभ हाही एक कूलरच आहे. बंद मोटारीत तो धापा टाकू लागला की त्याच्याच श्वासाने हवा दमट होते, ओल उडेनाशी होते आणि तो अधिकच जोराने धापा टाकतो. म्हणून त्याला चढविण्यापूर्वी काही मिनिटे मोटार चालू करून आतील उष्मा बाहेर घालवावा. वातानुकूलन असल्यास पुढचा गारवा मागील आसनापर्यंत पोहोचतो की नाही, हे तेथे स्वतः बसून पाहावे. बॉक्सर किंवा पग यांसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना तर ही काळजी दुपटीने हवी.

थांबलेल्या मोटारीत कुत्र्याला एकटे ठेवणे, हा सर्वांत घातक प्रमाद होय. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीची मोजमापे घेऊन २००५ साली ती प्रसिद्ध केली. तासाभरात आतील तापमान सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढले, आणि त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. ज्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेथे हा हिशेब ज्याचा त्याने करावा. ‘पाच मिनिटांत आलोच’ असे म्हणणाऱ्या सज्जनाला दुकानात पंधरा मिनिटे लागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

दुसरी गोष्ट पायाखालच्या जमिनीची. गुळगुळीत आसनावर मोठ्या कुत्र्याचे पाय ठरत नाहीत. वळणावळणावर तो घसरतो, भितो, आणि त्या भीतीला आपण खोडकरपणा म्हणतो. पुढील व मागील आसनांमधील खळगा उशा-गाठोड्यांनी भरून काढावा आणि वर जाड सतरंजी किंवा गोणपाट घट्ट अंथरावे. त्याला आडवे होता येईल व उठून वळता येईल, एवढी जागा हवी. म्हाताऱ्या कुत्र्याला उडी मारावयास लावू नये. खरखरीत कापड गुंडाळलेली रुंद फळी चढउतारास पुरते.

त्याला बांधणेही अगत्याचे आहे, पण गळपट्ट्याने नव्हे. छातीवरून जाणारा पट्टा सीटबेल्टला जोडावा. यामागील गणित साधे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर ३५ किलोंचा कुत्रा सुमारे ५०० किलोंच्या जोराने पुढे फेकला जातो. कापसाची गाठ १७० किलोंची धरली, तर हा जवळजवळ तीन गाठींचा भार झाला! तो गळ्यावर पडला तर कुत्रा वाचत नाही, आणि सुटा राहिला तर पुढे बसलेला मनुष्यही वाचेलच असे नाही.

समजा, वर्ध्यातील एखाद्या कुटुंबाला आपला आजारी कुत्रा भर मे महिन्यात नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्यावयाचा आहे. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. अशा वेळी पहाटे निघावे. खाणे तीन-चार तास आधी आणि हलके असावे. भरल्या पोटी ओकारी होते. पाणी मात्र तोडू नये. जनावरांच्या वाहतुकीसंबंधी १९७८ च्या नियमांतही कुत्र्याला उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी पाजावे असे सांगितले आहे. घरच्या मोटारीत ते याहून लवकर द्यावे. निघण्यापूर्वी त्याला फिरवून आणावे. समृद्धी महामार्गाने जावयाचे असल्यास तेथे वाटेल तेथे थांबता येत नाही, हे आधीच ध्यानी घ्यावे. गुंगीचे औषध आपल्या मनाने कदापि देऊ नये. त्याने तोल जातो आणि अंग निवविण्याची शक्तीही मंदावते.

वाटेत लाळ चिकट झाली, हिरड्या लालबुंद दिसल्या, पाय लटपटले, तर तो उष्माघात समजावा. येथे पुष्कळ लोक चुकतात; ते मोटार भरधाव हाकतात. आधी कुत्र्याला निववावे, मग दवाखाना गाठावा. सावलीत उतरवून साधे पाणी अंगभर ओतावे व वारा घालावा; नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नये. ओल्या टॉवेलात गुंडाळू नये, कारण तो लवकरच तापतो. म्हणून अशा प्रवासात पाण्याचा मोठा कॅन बरोबर असलाच पाहिजे.

याउपर एक सूचना. जो कुत्रा केवळ सुई टोचून घेण्यासाठीच मोटारीत चढतो, तो मोटारीला भिणारच. थंडीच्या दिवसांत त्याला आधी उभ्या मोटारीत खाऊ घालावे, मग गल्लीभर फिरवावे, मग एखाद्या शेतावर नेऊन मोकळे सोडावे. उन्हाळ्यातील अडचणीच्या दिवशी ही सवय उपयोगी पडते.

महाभारताच्या शेवटी इंद्राचा रथ दारी आला असता, बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून त्यात पाऊल ठेवण्याचे धर्मराजाने नाकारले. स्वर्गाचा रथ कोणाच्या वाट्याला येवो न येवो, मोटारीचे दार उघडण्याचा प्रसंग नित्य येतो. तेव्हा स्वतः चढण्यापूर्वी सावली, वारा आणि पायाखालची जमीन यांची खात्री करून घ्यावी. जो बरोबर येतो, त्याला आपली अडचण बोलून दाखविता येत नाही.