दंगलीच्या आधीची वही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



दंगल झाली की आपण सत्यशोधनाला जातो, अहवाल काढतो. ते करायलाच हवं. पण मला आज दंगलीच्या आधी काय बोललं जातं, त्याबद्दल बोलायचं आहे.

३ मे २०२३ ला मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी यांच्यात हिंसा उसळली. लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या एका तरुणीच्या मृतदेहाचं छायाचित्र फिरू लागलं. चुराचांदपूरमध्ये मैतेई मुलीवर अत्याचार करून तिला मारलं, असं सांगितलं जात होतं. खरं तर तो २०२२ मधला दिल्लीकडचा खून. मणिपूरशी त्याचा संबंधच नव्हता. ४ मेला कांगपोक्पी जिल्ह्यात कुकी स्त्रियांची नग्न धिंड निघाली. वाचलेल्या स्त्रियांनी नंतर सांगितलं, हल्लेखोर बदल्याचीच भाषा बोलत होते. गुन्हा नोंदला गेला १८ मेला. देशाला कळलं १९ जुलैला, चित्रफीत बाहेर आली तेव्हा. ‘आपल्या’ बायकांची अब्रू म्हणायचं आणि ‘त्यांच्या’ बायकांना गाठायचं, ही रीत आपल्याला फाळणीपासून ठाऊक आहे. म्हणून ही अफवा कानावर आली की ती सर्वांत आधी टिपायची.

तिथे अल्पसंख्य कोण, हे काही मैलांवर बदलतं. इम्फाळ खोऱ्यात कुकी, चुराचांदपूरला मैतेई. घरं दोघांचीही जळाली. तेव्हा आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या गटाचे शब्दही नोंदवायचे. हे जड जातं, मलाही जातं.

आणि हे दूरचं समजू नका. ऑगस्ट २०१२ मध्ये आपल्या पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांना मारहाण झाली, मोबाइलवरून अफवा पसरल्या, आणि घाबरलेली मुलंमुली गाड्या भरून गावी निघून गेली.

मध्यंतरी आमच्या गटातली एक जण एका सभेहून आली. म्हणाली, “फार भडक बोलला.” म्हणजे नेमकं काय बोलला? तिला आठवेना. ‘भडक’ या शब्दावर पोलीस काही करत नाहीत. त्याचे शब्द जसेच्या तसे हवेत. तारीख, जागा, कोण बोललं, समोर कोण होतं. स्वतः ऐकलेलं एका पानावर, सांगोवांगीचं दुसऱ्या. अत्याचार झालेल्या बाईचं नाव मात्र वहीत येता कामा नये.

मणिपूर पेटायच्या पाचच दिवस आधी, २८ एप्रिल २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावलं होतं: द्वेषाचं भाषण झालं की तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, बोलणारा कुठल्याही धर्माचा असो. आता त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. पण न्यायालयात खटला उभा राहायला सरकारची परवानगी लागते, आणि तिथेच घोडं पेंड खातं. निदान गुन्हा का नोंदला नाही, हे ठाण्यात लेखी विचारता येतं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

वही कुणाच्या घरी नको. घरच्यांवर दडपण येतं, मग पानं फाडली जातात. कुठे ठेवायची ते जेवणाआधी ठरवूया.